गाठ मारू नका

आमच्या घरात मोती कुठेही सापडायचे. डाळीच्या डब्यात, माझ्या वहीच्या पानांत, गादीच्या शिवणीत आणि एकदा तर आमटीत. बाबा होते तेव्हा त्यांनी तो आमटीतला मोती ताटाच्या कडेला ठेवला आणि गंभीर चेहऱ्याने आईला विचारलं, "आज शिंपले घातलेस की काय?" बाबा बसवर कंडक्टर होते. दिवसभर प्रवाशांवर करून उरलेले विनोद ते संध्याकाळी घरी आणायचे, आणि आई त्यांना हसायची नाही, कारण हसली तर आणखी चार ऐकावे लागतील हे तिला ठाऊक होतं. ते गेल्यानंतरही अधूनमधून जेवताना मोती दाताखाली यायचा. मग आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो, मोती बाजूला ठेवायचो आणि जेवण पुढे चालू करायचो. मोती अर्थात खोटेच. मालाडच्या बाजारातून वजनावर आणलेले.

आई मुंडावळ्या करायची. कांदिवलीला आकुर्ली रोडच्या आतल्या बाजूला आमची इमारत, तिथे तिसऱ्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर. सकाळचे कुकर होऊन गेले, पोरं शाळेत गेली, जिन्यातली आरडाओरड थांबली की आई परात घेऊन खिडकीखाली बसायची. परातीत मोती ओतल्याचा आवाज हा माझ्या लहानपणाचा आवाज आहे. खालून भंगारवाला ओरडत जायचा, शेजारी मालिकेतली सासू सुनेला घालूनपाडून बोलत असायची, आणि या सगळ्याखाली आमच्या परातीतली ती बारीक खळखळ. दुपारी कुळथाची पिठी आणि भात, सोबत भाजलेलं सुकट. मासळीचे हात मोत्यांना लागू नयेत म्हणून ती जेवल्यावर लिंबाच्या सालीने बोटं घासायची. आजही कुठे लिंबाचा वास आला की मला लग्नाची आठवण होते, सरबताची होत नाही.

मुंडावळीची लांबी आणि लोंबणाऱ्या लडींची ठेवण बघायला डोकं लागतं. लहानपणी ते डोकं माझं असायचं. आई हाक मारायची, मी खेळ सोडून यायचे, ती माझ्या कपाळाला मुंडावळ्या बांधायची, मान तिरकी करून बघायची, सोडायची. दिवसातून कितीदा तरी मी नवरी व्हायचे आणि पुन्हा लगोरी खेळायला पळायचे. बाबा गेले तेव्हा मी सहावीत होते. त्यानंतर आईने माळ्यावरची पितळी कळशी खाली काढली, पालथी घातली आणि तिच्या बुडाला मुंडावळ्या बांधून बघायला लागली. मला वाटलं, मी मोठी झाले म्हणून. त्या कळशीचं नाव मी 'नवरी' ठेवलं. "आई, नवरी घासून ठेवू का?" असं मी विचारायचे आणि आई नुसतं हं म्हणायची. खरं कारण कळायला मला पुष्कळ वर्षं लागली.

किंवा नसतील लागली. बोरिवलीच्या एका लग्नघरी मी तिच्याबरोबर मुंडावळ्या पोचवायला गेले होते, तिथेच कळलं असावं आणि मी ते कळू दिलं नसावं. त्या घरातल्या आजीबाई मोठ्या प्रेमळ. चहा दिला, मला लाडू दिला, मुंडावळ्या हातात घेऊन तोंडभर कौतुक केलं. मग विचारलं, "तुमचे मिस्टर काय करतात?" आई म्हणाली, "ते नाहीत आता." आजीबाईंनी मुंडावळ्या अगदी हळू, काही मोडू नये अशा बेताने, परत डब्यात ठेवल्या. "वाईट वाटून घेऊ नको हं बाई, शुभकार्य आहे," म्हणाल्या आणि आईला आणखी अर्धा कप चहा ओतला. आईने तो प्यायला. मला त्या चहाचा राग अजून आहे. हाकलून दिलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

तेव्हापासून आईचा सगळा माल पार्ल्याच्या वैद्यकाकांकडे जायला लागला. त्यांचं लग्नसाहित्याचं दुकान होतं. ते आईला ओळखून होते, आणि गिऱ्हाइकाने "केल्यात कोणी?" म्हणून विचारलं तर "आमच्या घरच्याच" असं सांगून विषय बदलायचे. डब्यावर त्यांनी चिठ्ठी चिकटवली होती, 'सुवासिनीच्या हातच्या'. आई स्वतःच्या हाताने केलेल्या मालावर रोज ती चिठ्ठी बघायची आणि डबे मोजून ठेवायची. या व्यवस्थेत कुणाचं काही बिघडत नव्हतं. आईचं नाव कुठे नव्हतं, एवढंच.

मी कॉलेजात गेले आणि वैद्यकाकांची इमारत पाडायला काढली. नवी उभी राहीपर्यंत दुकान बंद, आणि काकांचं वय पाहता ते पुन्हा उघडेल असं त्यांनाही वाटत नव्हतं. निरोप द्यायला ते स्वतः आमच्याकडे जिने चढून आले. पोह्यांची बशी मांडीवर घेऊन म्हणाले, "इथे आता लोक मुंडावळ्या भाड्याने घेतात गं. परदेशात गेलेल्यांना खरी किंमत आहे. तिकडे मिळत नाहीत ना. तुझी ही पोरगी दिवसभर फोनमध्ये असते, तिला सांग काहीतरी कर." फोनमध्ये असण्याबद्दल मला घरात पहिल्यांदाच मान मिळाला होता, तेव्हा मी कामाला लागले.

हाताने केलेल्या वस्तू जगभर विकणाऱ्या एका संकेतस्थळावर मी आईचं दुकान उघडलं. उघडलं म्हणजे काय, आधी तिथे मुंडावळ्या हा शब्दच नव्हता. केसांचा पट्टा, मुकुट, ओढणी, दागिना, यातलं काय ते निवडा. आई म्हणाली, "यातलं काहीच नाही." मी म्हटलं, "अगं पण काहीतरी निवडावंच लागतं." शेवटी दागिन्यात घातलं. पोस्टात पार्सल नेलं तर तिथल्या बाई म्हणाल्या, आत काय आहे ते इंग्रजीत सांग. मी सांगत राहिले, त्या खोडत राहिल्या, आणि मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी स्वतःच्या कपाळाला दोन बोटं लावून अभिनय केला तेव्हा कुठे ते पार्सल भारताबाहेर गेलं. पहिलं गिऱ्हाईक कुठल्यातरी थंड देशातली गोरी बाई निघाली. तिने फोटो पाठवला, मुंडावळ्या तिने टेबलावरच्या दिव्याला बांधल्या होत्या. मला वाटलं आई चिडेल. तिने फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाली, "लडी सारख्या पडल्यात. बांधता येतं तिला."

मग मराठी घरं यायला लागली. दुबई, सिंगापूर, टोरांटो, मेलबर्न. त्यांचे प्रश्न वेगळे. लडी किती लांब, मोती पिवळे पडतात का, आणि दर दोघींमागे एकीचा प्रश्न, करणाऱ्या काकू कोण? संकेतस्थळाचंही म्हणणं असं की दुकानावर करणाऱ्याचा छोटा व्हिडिओ घाला, लोकांना हात बघायला आवडतात. मी फोन घेऊन आईसमोर बसले. तिने परात लांब सरकवली.

"माझे हात नकोत."

"का?"

"रिकामे आहेत," ती म्हणाली, आणि सुईत दोरा ओवायला लागली.

शालनकाकू तेव्हा आमच्याकडेच होत्या. शेजारच्या खोलीतल्या. कोपरापर्यंत हिरवा चुडा, आणि नवरा असा की निवृत्त झाल्यापासून तो खुर्चीतून उठलेला कुणी पाहिला नव्हता. काकू म्हणाल्या, "माझे घे की. त्या माणसाचा जन्मात काही उपयोग झाला नाही, एवढा तरी होऊ दे." आणि त्यांनी परात पुढे ओढली. काकूंना सुईत दोरा ओवता येत नव्हता, मोती त्यांच्या बोटांतून निसटून कपाटाखाली जायचे. म्हणून मी फक्त शेवटची गाठ मारतानाचे हात टिपले. हिरव्या बांगड्या, पांढरे मोती, मागे पितळी नवरी. व्हिडिओ खरोखर सुंदर झाला. लोक खाली लिहायचे, काय शुभ हात आहेत, या हातांना नमस्कार सांगा. मी ते वाचून दाखवायचे. काकू बांगड्या मागे सारून म्हणायच्या, "बघ, मला फॉरेनातून नमस्कार येतात." आई हसायची. काकूंवर तिची माया होती, आणि घर त्या हातांवर चाललं होतं. पण व्हिडिओ मी पुन्हा लावला की ती उठून ओट्याकडे जायची, हे मी बघत होते.

असं वर्षभर सुरळीत चाललं. मग एके दुपारी मेलबर्नहून एका बाईंचा आवाजी निरोप आला. नाव सुलभाताई. आवाज दमलेला, पण स्वच्छ पुणेरी. त्यांच्या केतकीचं लग्न होतं. त्या म्हणाल्या ते मला आजही जवळजवळ तसंच्या तसं आठवतं. "तुमचा व्हिडिओ पाहिला. माझी एक विनंती आहे, विचित्र वाटेल. माझे यजमान गेले. केतकी हट्ट धरून बसली आहे की मुंडावळ्या आईच बांधणार. सासरकडच्यांना ते पसंत नाही, माझंही मन धजत नाही. तिच्या डोक्याचं माप पाठवते. तुम्ही सवाष्ण आहात, तर गाठ तुमच्याच हाताने मारून पाठवाल का? मी फक्त वरून चढवीन. म्हणजे तिचंही मन राहील आणि बांधलं असं माझ्या हाताने काही होणार नाही."

आईने निरोप पुन्हा लावायला सांगितला. मग पुन्हा. मी म्हटलं, "सोपं आहे. करायच्या तू, गाठ काकू मारतील, झालं." काकूही म्हणाल्या, "एक सोडून दोन मारते." संध्याकाळी आईने दिवा लावला, वरणाला फोडणी दिली, आणि पदराला हात पुसत म्हणाली, "फोन दे. बोलायचं कुठे ते दाखव."

फोन तिने तोंडासमोर बशीसारखा आडवा धरला. म्हणाली, "ताई, मी कांदिवलीहून बोलत्येय. मुंडावळ्या मी करते. व्हिडिओत दिसतात ते हात माझे नाहीत, शेजारणीचे आहेत. माझे मिस्टर वारले. मुलगी सहावीत होती. आधी सांगायला पाहिजे होतं. तुम्हाला चालत असेल तर पाठवीन, नाहीतर शेजारणीला गाठ मारायला सांगते, ती चांगली बाई आहे. पण तुम्ही माझ्याकडे हे मागितलंत, म्हणून सांगितलं."

मी तिच्या हातातून फोन काढून घेतला तेव्हा निरोप गेला होता. मी चिडले. खूप चिडले. तिला म्हटलं, "वाट लागली आता. ती चार जणींना सांगणार, त्या आणखी चार जणींना, तिकडे सगळे एकाच ग्रुपवर असतात. बोरिवलीची म्हातारी विसरलीस?" आई म्हणाली, "विसरायला काय झालं. तिचा चहा प्यायले मी. ही पण माझ्याच हातचं घेणार आणि तिला वाटणार सवाष्णीचं आहे. बोरिवलीला निदान खरं बोलून परत आले होते." काकू दारात उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "अगं, पण माझे हात होते ना," आणि आपल्या घरी गेल्या. त्यांना खरंच लागलं होतं.

उत्तर येईना. संकेतस्थळावर निरोप ऐकल्याची खूण दिसत होती, म्हणजे ऐकला होता. एक सिंगापूरची मागणी त्या दरम्यान रद्द झाली. तिचं कारण वेगळं असेलही, पण आम्हा दोघींना ते एकच वाटलं. आईने हातातलं काम पुरं केलं आणि नवीन मोती ओतले नाहीत. परात भिंतीला टेकवून ठेवली. घरात इतकी शांतता मी पहिल्यांदाच ऐकत होते. शेजारच्या मालिकेतला शब्दन् शब्द कळायला लागला. कॉलेजातून येताना मी जिन्यातच फोन बघायचे, कारण दारात बघितला की आई विचारायची नाही, पण मान वर करायची.

सुलभाताईंचं उत्तर आलं तेव्हा आम्ही भाजी निवडत होतो. आवाज नव्हता, नुसती अक्षरं.

"पाठवा. गाठ मारू नका."

मी वाचून दाखवलं. आईने मेथीची जुडी खाली ठेवली आणि विचारलं, "पुढे काय लिहिलंय?" पुढे काही नव्हतं. तिने पदर डोळ्यांना लावला, मग मेथी पुन्हा हातात घेतली आणि थोड्या वेळाने मला म्हणाली, "परात घे गं."

त्या मुंडावळ्या तिने जशा केल्या तशा आधी कुणासाठी केल्या नव्हत्या, असं मी म्हणणार नाही. तिच्या सगळ्याच चांगल्या असायच्या. या वेळी फक्त डब्यावर ती 'सुवासिनीच्या हातच्या' चिठ्ठी नव्हती, जी आम्ही परदेशच्या डब्यांवरही चिकटवत आलो होतो.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. मेलबर्नला दुपार कलायला लागलेली, आमच्याकडे सकाळचे कुकर नुकतेच उतरलेले, तेव्हा फोन वाजला. चित्रात आधी छप्पर दिसलं, मग एक गोरीपान, पांढऱ्या केसांची बाई, मोतिया रंगाची पैठणी नेसलेली. मागे खुर्चीवर केतकी, अंबाडा, नथ, सगळं झालेलं, कपाळ तेवढं मोकळं. सुलभाताई म्हणाल्या, "अहो, बसतच नाहीयेत. मी बांधते आणि घसरतात. माझ्या लग्नात आईने बांधल्या, मी कधी बांधल्याच नाहीत कुणाला. त्यातून हात थरथरतायत." दाराबाहेर कुणीतरी पुरुष इंग्रजीत घाई करत होता. त्या खाली वाकून हळूच म्हणाल्या, "हिच्या मावससासूबाई टपून आहेत. नाही जमलं तर त्या बांधणार."

आईने मला खूण केली. मी नवरी आणून पालथी घातली. आईने एक नवी जोडी घेतली, कळशीला बांधून दाखवायला लागली. "आधी मधला मोती भुवयांच्या मध्ये धरा. दोरे कानांच्या वरून न्या." सुलभाताई डोळे बारीक करून बघत होत्या. "कान कुठे आहेत हो याला?" त्या म्हणाल्या. केतकी खुर्चीवर हसायला लागली. "आणि अंबाड्याच्या वरून घ्यायची की खालून, काहीच कळत नाहीये. कुणाच्या तरी डोक्याला बांधून दाखवा ना."

आई थांबली. शालनकाकू आमच्या दारात आल्या होत्या, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. मी कॉलेजच्या गडबडीत, जीन्स, वर बाबांचा जुना शर्ट, केस नुसते वर गुंडाळलेले. आई कळशीवरच्या मुंडावळ्या सोडत राहिली, गरजेपेक्षा जास्त वेळ. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ये इकडे."

मी तिच्यासमोर पाटावर बसले. काकूंनी फोन धरला. आईच्या बोटांना लिंबाचा वास येत होता. "मधला मोती इथे," ती म्हणाली आणि तिचं बोट माझ्या भुवयांच्या मध्ये टेकलं. "दोरे अंबाड्याच्या खालून. वरून घेतलेत म्हणून घसरतात. आता पहिला वेढा घट्ट, दुसरा सैल. पोरीला दुखतंय का विचारा." मेलबर्नच्या सुलभाताईंनी विचारलं, दुखतंय का गं. आईनेही मला विचारलं, "दुखतंय का?" मी मानेनेच नाही म्हटलं. "आता गाठ," आई म्हणाली. "हात थरथरला तरी चालतो. गाठ बसते." मी आरशात बघत नव्हते, फोनवर बघत होते. तिकडे दोन पांढरे, रिकाम्या मनगटांचे हात केतकीच्या मानेमागे चालत होते, आणि माझ्या मानेमागे तसेच दोन. दोन्ही गाठी बरोबरच बसल्या. सुलभाताई मागे सरकल्या, लेकीला बघितलं आणि तोंडावर हात घेतला. केतकीने वर बघून आमच्या फोनकडे हात जोडले. काकूंच्या बांगड्या वाजत होत्या, कारण फोन धरून त्या रडत होत्या.

त्या रात्रीच्या आत आईने दुकानावरचा व्हिडिओ बदलून घेतला. आता त्यात तिचे हात आहेत. खाली एक ओळ तिने सांगितली तशी मी घातली, 'मी विधवा आहे, मुंडावळ्या मी करते.' काही घरांनी मागण्या मागे घेतल्या, फार सभ्यपणे. बोरिवलीच्या चहासारखं. काही नवीन आली, आणि त्यांतल्या कितीतरी जणींनी पहिल्याच निरोपात आपापली कहाणी सांगितली. कुणाचा नवरा गेलेला, कुणी टाकलेली, एकीला दोन मुली आणि लग्न कधीच झालं नाही. सगळ्यांना एकच विचारायचं असायचं, गाठ कशी मारायची. धंदा वाढला की कमी झाला हे मला नीट सांगता येणार नाही. पुरला. माझं शिक्षण झालं, त्याच मजल्यावर आणखी एक खोली घेतली. शालनकाकूंना पॅकिंगचं खातं मिळालं आणि त्या स्वतःला मॅनेजर म्हणवून घ्यायच्या.

आज माझे केस सुलभाताईंच्या तेव्हाच्या केसांच्या वाटेवर आहेत. मी लग्न केलं नाही. कुणी नाकारलं वगैरे काही नाही, मला करावंसं वाटलं नाही, आणि ते सांगून सांगून मी दमले तरी नातेवाईक दमत नाहीत. आईला आता डोळ्यांनी कमी दिसतं. मोती मी ओवते, ती गाठी मारते, बोटांनीच. त्या दिवशी फोन बंद झाल्यावर ती माझ्या मागे येऊन दोरा सोडायला लागली होती. "बस नीट, माल आहे तो," म्हणाली. मी म्हटलं, राहू दे थोडा वेळ. तिने दोऱ्यावरचा हात काढून माझ्या डोक्यावर ठेवला आणि मग स्वयंपाकाला गेली. मी त्या मुंडावळ्यांसकट चहा केला, कपडे वाळत घातले, आणि दुधाच्या पिशव्या घ्यायला दार उघडलं तर दूधवाला दोन पावलं मागे गेला.

परवा साताऱ्याची आत्या आली होती. जेवताना तिने तोच विषय काढला, पोरीच्या कपाळाला मुंडावळ्या लागल्या नाहीत हे शल्य घेऊन जाणार बघ मी. आईने आमटी वाढता वाढता पळी भांड्यात ठेवली.

"लागल्यात की," ती म्हणाली. "मी बांधल्यात."